कोटणीसांची थांग काउंटी

सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव न ऐकलेला माणूस विरळाच. भैय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक आहे, जयंती-पुण्यतिथीला हार पडतात, शाळांतून भाषणं होतात. भाषणातली वाक्यं ठरलेली: ते चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा केली आणि तिथेच वारले. ‘तिथेच’ म्हणजे कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही. चीनसारख्या अवाढव्य देशात ‘तिथेच’ हा काही पत्ता झाला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले, ते हेबेई प्रांतातल्या थांग काउंटीच्या डोंगराळ भागात, गेगोंग नावाच्या खेड्यात. वय अवघं बत्तीस.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. गावाचं नाव कानावर पडलं की तालुका कोणता, शिव कुणाशी लागते, पाण्याचा उतार कुठे, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. निवृत्त झाल्यावर हाताशी वेळ आला आणि मी थांग काउंटीच्या मागे लागलो. मुलीने संगणकावर उपग्रहाचे फोटो कसे बघायचे ते शिकवलं. अमेरिकी लष्कराने १९५०च्या दशकात छापलेले चीनचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे एका विद्यापीठाने स्कॅन करून खुले ठेवले आहेत, तेही सापडले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. कोटणीसांचं चरित्र बऱ्याच जणांनी लिहिलंय. मला त्यांच्या पायाखालच्या जमिनीबद्दल लिहायचंय. ती जमीन समजून घेतल्याशिवाय तो माणूस तिथे का होता आणि काय करत होता, हे नीट कळत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

आधी आकार सांगतो. चीनमध्ये प्रांत, त्याखाली प्रीफेक्चर दर्जाचं शहर, त्याखाली काउंटी, त्याखाली नगरं आणि टाउनशिप, आणि तळाला गावं अशी उतरंड आहे. थांग काउंटी बाओदिंग शहराच्या हाताखाली येते. क्षेत्रफळ साधारण १,४०० चौरस किलोमीटर. आपला सोलापूर जिल्हा सुमारे १४,९०० चौरस किलोमीटरचा आणि तालुके अकरा, म्हणजे आपल्या सरासरी तालुक्याएवढीच ही काउंटी. लोकसंख्या मात्र पाच लाखांच्या वर आहे. वीसेक नगरं-टाउनशिप आणि साडेतीनशेच्या आसपास गावं. मुख्य ठाणं रेनहौ या नगरात.

तिच्या चतुःसीमा मी सातबाराच्या सवयीने लिहून काढल्या. उत्तरेला लाययुआन, पश्चिमेला फुपिंग, नैर्ऋत्येला छुयांग, दक्षिणेला दिंगझौ, आग्नेयेला वांगदू, पूर्वेला शुनपिंग. ही नावं पुढे पुन्हा पुन्हा येणार आहेत. लाययुआन आणि फुपिंग डोंगरातले शेजारी, वांगदू आणि दिंगझौ मैदानातले. थांग काउंटी या दोघांच्या मधोमध आहे, आणि तिचा सगळा इतिहास या मधोमध असण्यातून आलाय.

ताईहांग पर्वत हेबेई आणि शान्शी या दोन प्रांतांच्या सीमेवर दक्षिणोत्तर उभा आहे. त्याच्या पूर्वेला उत्तर चीनचं मैदान सुरू होतं ते थेट समुद्रापर्यंत. पर्वत आणि मैदान यांच्यातला बदल फार झटपट होतो. थांग काउंटी वायव्येकडून आग्नेयेकडे लांबट पसरली आहे. वायव्येच्या टोकाला दामाओ शिखर, उंची १,८९८ मीटर. आग्नेयेच्या टोकाला शेतं शंभर मीटरच्याही खाली. एका तालुक्याच्या लांबीत एवढा उतार! वरच्या अंगाला उभे कडे, अरुंद दऱ्या, उतारावर रचलेल्या दगडी बांधांच्या पट्ट्या. मधल्या अंगाला उघड्या टेकड्या. खालच्या अंगाला सपाट, चौकोनी शेतं, त्यात हिवाळी गहू आणि त्यामागून मका. टेकड्यांवर बोरासारखा चिनी खजूर, पर्सिमन आणि अक्रोड. पूर्वी बाजरीसारखं बारीक धान्य आणि रताळं हेच डोंगरातल्या माणसाचं पोट होतं.

पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या घरात आणि त्यातला बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये. सोलापूरच्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल. पण थंडी ओळखीची नाही. जानेवारीत सरासरी तापमान शून्याच्या खाली जातं, नद्या गोठतात. दुष्काळी पट्ट्यातून गेलेला एक तरुण डॉक्टर तसल्याच कमी पावसाच्या, पण हाडं गोठवणाऱ्या मुलखात राहिला, हे मला नकाशाने सांगितलं. चरित्रांत ते वाचल्याचं आठवत नाही.

या काउंटीला जोडणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे थांग नदी. ती शान्शी प्रांतात हुनयुआन काउंटीत उगम पावते, लिंगच्यूमधून वाहत हेबेईत शिरते, लाययुआन ओलांडून थांग काउंटीच्या डोंगरात येते. तिथे तिने ताईहांग कापून काढलाय. मग मैदानात उतरून पुढे बाययांगदियान या मोठ्या पाणथळ सरोवराला मिळते. डोंगरात जिथे नदीने वाट काढली तीच माणसांची वाट झाली. घोडेस्वार, व्यापारी, फौजा, निर्वासित, सगळे याच दरीने वर-खाली झाले.

म्हणूनच काउंटीच्या वायव्येला, नदीच्या वळणावर, दाओमाग्वान ही खिंड आहे. मिंग घराण्याच्या काळात राजधानी बीजिंगच्या रक्षणासाठी चीनच्या प्रसिद्ध मोठ्या भिंतीच्या आतल्या बाजूला तीन मोठ्या खिंडी बांधून काढल्या होत्या: ज्यूयोंग, झिजिंग आणि ही दाओमा. ज्यूयोंग बीजिंगजवळ असल्याने जगभरचे पर्यटक तिथे जातात. दाओमाग्वानचं नाव कुणी घेत नाही. चढ इतका की घोडेसुद्धा कोसळत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. १४४९ मध्ये थुमूच्या लढाईत मिंग सम्राटच मंगोलांच्या हाती सापडला. त्यानंतर या आतल्या खिंडींची बांधबंदिस्ती जास्तच जोरात झाली. आजही तिथे जुन्या तटाचे तुकडे उभे आहेत आणि त्यांच्या आतबाहेर गाव वसलंय. उपग्रहाच्या फोटोत मी ते बराच वेळ न्याहाळलं. नदी उत्तरेकडून येते, गावाला वळसा घालते, आणि दोन्ही अंगांना डोंगर इतके जवळ येतात की तोफेची गरजच नाही, वरून दगड लोटले तरी वाट बंद व्हावी. किल्ला कुठे बांधायचा हे ठरवणाऱ्याला जमीन कळत होती. आमच्या खात्यातल्या जुन्या मोजणीदारांनी त्याला मानलं असतं.

त्याहून जुनी भिंतही इथे आहे. मिंगच्या दीड-दोन हजार वर्षं आधी या भागात झोंगशान नावाचं राज्य होतं. ते उभं केलं उत्तरेकडून आलेल्या दी लोकांनी, आणि चहूबाजूंनी मोठी राज्यं असूनही ते बराच काळ टिकलं. सिमा छियान या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की झोंगशानने भिंत बांधली, तो काळ इ. स. पू. ३६९. लाययुआन, थांग, शुनपिंग आणि छुयांग या काउंट्यांतून त्या भिंतीचे अवशेष सापडले आहेत आणि ते साधारण थांग नदीच्या बाजूने जातात. पुढे इ. स. पू. २९६ मध्ये झाओ राज्याने झोंगशान गिळलं. राज्य गेलं, नाव मात्र हजार-दीड हजार वर्षं या मुलखाला चिकटून राहिलं.

इथले लोक आपला इतिहास झोंगशानपासून सुरू करत नाहीत, पार याओ सम्राटापासून करतात. याओ हा चिनी परंपरेतला आदर्श, पुराणपुरुष म्हणावा असा राजा. गादीवर येण्याआधी तो थांगचा जहागीरदार होता, म्हणून त्याला ‘थांग याओ’ म्हणतात, आणि ते थांग म्हणजे आमचंच, असा या काउंटीचा दावा. शान्शीतलं लिनफेन हे शहरही याओवर हक्क सांगतं, आणि तिथे थाओसी या ठिकाणी उत्खननात खरोखरच फार जुनं नगर सापडलंय. पुराव्याच्या तराजूत मला लिनफेनचं पारडं जड वाटतं. पण माणसाला आपलं गाव पुराणात असावं असं वाटतं, त्यात वावगं काही नाही. आपल्याकडे वनवासात असताना राम किती गावांतून गेला, ते विचारून बघा.

आता मला ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त थक्क केलं तिच्याकडे येतो. हान घराण्याचा अधिकृत इतिहास आहे, त्यात भूगोलाचं स्वतंत्र प्रकरण आहे. इ. स. २ मधल्या जनगणनेचे आकडे त्यात दिले आहेत. झोंगशान या विभागाखाली लिहिलंय: १,६०,८७३ घरं, ६,६८,०८० माणसं, १४ काउंट्या. त्या चौदा काउंट्यांच्या यादीत ‘थांग’ आहे. ‘वांगदू’ही आहे. दोन हजार वर्षांनी मी आजचा नकाशा उघडला तर थांग आणि वांगदू शेजारी शेजारी, तीच नावं घेऊन बसल्यात.

नोकरीत मी हद्दी बदलताना पाहिल्या. गटवारी झाली, पुनर्वसनाची नवी गावठाणं आखली, तालुके फुटले. आमच्या सोलापूर जिल्ह्याचंच घ्या. १८३८ मध्ये तो अहमदनगरचा उपजिल्हा म्हणून निघाला, १८६४ मध्ये रद्द झाला, १८७१ मध्ये साताऱ्याचे पंढरपूर-सांगोला जोडून पुन्हा उभा केला, १८७५ मध्ये माळशिरस आलं. म्हणजे पुरती दोनशे वर्षंही नाहीत. आणि इकडे एक साधी, डोंगराळ, गरीब काउंटी हान काळापासून आपलं नाव राखून आहे. अधूनमधून खंड पडले. सहाव्या शतकात उत्तर छी राजवटीने ती रद्द करून शेजारच्या काउंटीत मिळवली, आणि ५९६ साली सुई राजवटीने पुन्हा वेगळी काढली. पण मोडली की पुन्हा त्याच जागी, त्याच नावाने उभी राहिली.

तिच्या वरचे मजले मात्र सारखे बदलत गेले. हान काळात ती झोंगशानच्या राजपुत्रांच्या अमलात होती. त्यातला ल्यू शंग इ. स. पू. ११३ मध्ये वारला. जवळच मानचंगला त्याची कबर १९६८ मध्ये सापडली आणि आत सोन्याच्या तारेने विणलेला जेडचा अंगरखा निघाला. नंतर कित्येक शतकं थांगचा कारभार दक्षिणेच्या दिंगझौकडून चाले. मंगोलांनी राजधानी आजच्या बीजिंगला नेली, आणि थांगचं तोंड दिंगझौकडून ईशान्येच्या बाओदिंगकडे वळलं. मिंग आणि छिंग काळात ती बाओदिंगच्याच हाताखाली राहिली. राजधानी हलली की खेड्यातल्या शेतकऱ्याचा सारा भरायचा रस्ताही बदलतो, हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय, कारण ते आपल्याकडेही तितकंच खरं आहे.

जुन्या चीनमध्ये बादशाहीचा नेमलेला अधिकारी काउंटीपर्यंतच पोचायचा. त्याखाली गावं आपलं आपण बघत. हा काउंटीचा न्यायाधीशच तहसीलदार, फौजदार आणि मुन्सफ सगळं एकटाच. तो स्वतःच्या प्रांतात नेमला जात नसे, म्हणजे थांगला येणारा साहेब कायम परमुलखातला. त्याला तिथली बोलीही धड कळत नसेल. मग काम चालायचं ते स्थानिक कारकून आणि कागदपत्रांच्या जोरावर. म्हणून प्रत्येक काउंटी आपलं गॅझेटिअर तयार करी. त्यात डोंगर, नद्या, देवळं, सारा, पुलं, पूर, दुष्काळ, चांगले अधिकारी, पुन्हा लग्न न केलेल्या पतिव्रता विधवा, सगळं असे. थांग काउंटीचं असं एक गॅझेटिअर १८७८ मध्ये निघालं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूरचा खंड १८८४ चा. दोन्हीकडचे कारकून दहा वर्षांच्या आत आपापल्या मुलखातल्या विहिरी आणि ओढे मोजत बसले होते, हे मनात आलं की मला त्या परक्या माणसांबद्दल फार आपुलकी वाटते.

पर्वताची एक हकीकतही सांगायला हवी, कारण ती कारभाराची हकीकत आहे. चीनमध्ये पाच दिशांचे पाच पवित्र पर्वत मानतात, आणि बादशहाच्या वतीने तिथे पूजा व्हायची. उत्तरेचा पर्वत हंगशान. हा हंगशान म्हणजे शतकानुशतकं थांग, फुपिंग, लाययुआनच्या सीमेवरचं हेच दामाओ शिखर होतं. पूजा व्हायची छुयांग गावातल्या उत्तर पर्वताच्या देवळात. त्या देवळाची मुख्य इमारत १२७० सालची आहे आणि अजून उभी आहे. मग राजधानी बीजिंगला गेली. बीजिंगहून बघितलं तर हा ‘उत्तरेचा’ पर्वत दक्षिणेला पडला! दरबारात यावर वाद झाले. अखेर १६६० मध्ये छिंग सम्राट शुन्झीच्या काळात पूजा हलवली ती शान्शीतल्या हुनयुआनच्या पर्वतावर. आजचा प्रसिद्ध हंगशान तोच. आणि हुनयुआन म्हणजे थांग नदीचा उगम जिथे आहे तीच काउंटी. पर्वताचा मान एकाच नदीच्या काठाने खालून वर, उगमापाशी गेला. दामाओ शिखर जागचं हललं नाही, त्याचा हुद्दा गेला. मला त्या शिखराबद्दल अजून वाईट वाटतं.

विसाव्या शतकात सगळं भराभर बदललं. १९२८ मध्ये झिली प्रांताचं नाव हेबेई झालं. त्याआधीच मैदानाच्या कडेने बीजिंग ते हानकौ रेल्वे टाकून झाली होती. ती वांगदू आणि दिंगझौमधून जाते, थांगमधून नाही. थांगचा आग्नेय कोपरा रुळांच्या जवळ, वायव्य कोपरा डोंगरात. १९३७ मध्ये जपानने चढाई केली तेव्हा त्यांच्या फौजा रुळांना धरून खाली आल्या. शहरं, स्टेशनं, काउंट्यांची ठाणी त्यांच्या हाती गेली. डोंगर हाती आला नाही. जानेवारी १९३८ मध्ये शेजारच्या फुपिंगमध्ये सभा भरून शान्शी, छाहार आणि हेबेई यांच्या सीमाभागाचं स्वतंत्र सरकार उभं राहिलं, त्याला जिन-छा-जी म्हणतात. त्याचे सेनापती न्ये रोंगजेन. थांग काउंटीचे त्या काळात दोन भाग पडले: मैदानाकडे जपान्यांचा अंमल, दऱ्यांत सीमाभागाच्या सरकारचा. जपान्यांनी रुळांच्या कडेने खंदक खणले, म्हणजे मैदानातलं धान्य, मीठ, औषधं डोंगरात जाऊ नयेत.

हे नीट समजलं की इस्पितळ तिथे का होतं ते आपोआप कळतं. लढाई रेल्वेभोवती चाले. जखमी माणसाला स्ट्रेचरवर रात्रभरात पोचवता येईल इतक्या जवळ, पण जपानी तुकडी सहज घुसणार नाही इतक्या आत, अशी जागा पाहिजे होती. थांगच्या दऱ्या नेमक्या तशा. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून याच मुलखात फिरते शस्त्रक्रिया पथक घेऊन हिंडले. १९३९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर लाययुआनच्या बाजूला शस्त्रक्रिया करताना त्यांचं बोट कापलं, विष रक्तात भिनलं, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी थांग काउंटीतल्या हुआंगशीकौ या गावी ते वारले. दोन परदेशी डॉक्टर एकाच काउंटीत वारले, हा योगायोग नाही. जखमी येण्याची वाट तीच होती.

कोटणीस १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून निघाले. पथकप्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुकर्जी. चीनच्या आतून फिरत १९३९ मध्ये ते येनानला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्याला, पोचले, आणि १९४० मध्ये बसूंबरोबर ताईहांगच्या या भागात आले. बेथून तोवर गेले होते, भेट झाली नाही. त्याच वर्षीच्या, जपान्यांविरुद्धच्या मोठ्या मोहिमेत तेरा दिवसांत आठशेच्या आसपास जखमी त्यांच्याकडे आले आणि त्यांनी पाचशेहून जास्त शस्त्रक्रिया केल्या, अशी नोंद आहे. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. बेथूनच्या नावाची वैद्यकीय शाळा गेगोंगमध्ये भरायची, तिथे ते चिनी भाषेत शिकवत. पाठ्यपुस्तक नव्हतं म्हणून शस्त्रक्रियेवर स्वतः लिहायला बसले. एक पुस्तक पुरं केलं, दुसरं अर्धंच राहिलं. तिथल्याच ग्वो छिंगलान या परिचारिका-शिक्षिकेशी १९४१ मध्ये त्यांचं लग्न झालं, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. आणि डिसेंबरात फेफऱ्याच्या झटक्यांनी ते गेले.

इस्पितळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते. तशी इमारत तिथे नव्हती. जखमी शेतकऱ्यांच्या घरांत विखुरलेले असत, ज्या मातीच्या ओट्याखाली चूल पेटवून झोपतात त्या ओट्यांवर. डॉक्टर घरोघर फिरे. जपानी मोहीम आली की जखमींना उचलून वरच्या दरीत नेत. म्हणजे गावचे उंबरे हेच वॉर्ड, आणि गावकऱ्यांच्या धान्याच्या कणगीवर सगळ्यांचं पोट. साऱ्याच्या वहीत किरकोळ दिसणाऱ्या, उतारावर रताळी पिकवणाऱ्या त्या गावांनी हे वर्षानुवर्षं केलं. कोटणीसांना हार घालताना त्या गावांची आठवण ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याशिवाय एकही शस्त्रक्रिया झाली नसती.

१९४९ मध्ये हेबेई प्रांत पुन्हा उभा राहिला, थांग बाओदिंगकडेच राहिली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बेथून आणि कोटणीस यांचे अवशेष थांगच्या डोंगरातून शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत हलवले. रेल्वेचं शहर, मोठं, येण्याजाण्याला सोपं. थांगच्या ठाण्याच्या उत्तरेला दोघांचं मिळून एक स्मारक-संग्रहालय आहे, आणि भारतातून गेलेले लोक तिथेही जातात. १९५८ च्या कम्यून म्हणजे सामूहिक शेतीच्या लाटेत हेबेईत काउंट्या घाऊक जोडल्या आणि काही वर्षांतच पुन्हा तोडल्या. डिसेंबर १९९४ मध्ये बाओदिंग जिल्हा आणि बाओदिंग शहर एक झाले. शेजारची वान काउंटी १९९३ मध्ये शुनपिंग झाली. या सगळ्यात थांगचं नाव तेवढं तसंच.

जमीन मात्र बदलली. १९५८ मध्ये नदी डोंगरातून बाहेर पडते त्या जागी शीदायांग धरणाचं काम सुरू झालं, १९६० मध्ये बांध उभा राहिला. साठवण एक अब्ज घनमीटरच्या वर, आपल्या भाषेत चाळीसेक टीएमसी. उजनीच्या ११७ टीएमसीपुढे लहान, पण एका डोंगराळ काउंटीसाठी प्रचंड. लष्कराच्या जुन्या नकाशावर हे धरण नाही. तिथे दरीच्या तळाला नदी, तिच्या काठी ठिपक्याठिपक्यांनी गावं, एक बैलगाडीचा रस्ता. उपग्रहाच्या आजच्या फोटोत तिथे फाटे फुटलेलं निळं पाणी. मी दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिले. पाण्याखाली गेलेले ठिपके एकेक करून दिसत गेले. उजनीच्या वेळी पुनर्वसनाच्या गावठाणांची मोजणी करणारे आमच्या खात्यातले वडीलधारे मला आठवले. जुन्या गावचे बांध दाखवताना माणसं पाण्याकडे बोट करायची, असं ते सांगत. थांगमध्येही कुणीतरी तसंच बोट केलं असणार.

त्या पाण्यावर बाओदिंग शहराची तहान बरीच वर्षं भागली. दक्षिणेचं पाणी उत्तरेला नेणारा मोठा कालवाही याच काउंटीतून जातो, डोंगर आणि मैदान यांच्या सांध्यावरून, आणि डिसेंबर २०१४ पासून तो बीजिंगपर्यंत वाहतो. नदी ज्या बाययांगदियानला मिळते त्याच्या काठी २०१७ पासून श्योंगआन ही नवी नगरी उभी राहते आहे. वरचा गाव कोरडा आणि खालचं शहर ओलं, हे सोलापूरकराला कुणी समजावून सांगायला नको. थांग बरीच वर्षं सरकारच्या गरीब काउंट्यांच्या यादीत होती. आता ती मेंढ्या पोसणं आणि तांब्या-पितळेच्या मूर्ती ओतणं यासाठी ओळखली जाते. डोंगरातली तरुण पोरं शहरांकडे गेली आहेत.

मी सध्या या काउंटीचा एक नकाशा हाताने काढतोय. प्रमाण १:१,००,००० धरलंय, म्हणजे एका चौरस किलोमीटरला कागदावर एक चौरस सेंटिमीटर, आणि सगळी काउंटी एका मोठ्या चार्टपेपरात बसते. समोच्च रेषा शंभर मीटरच्या अंतराने तपकिरी शाईत, थांग नदी धरणाआधीच्या जुन्या पात्रासकट, वांगदूकडची रेल्वे काळ्या तुटक रेषेत, दाओमाग्वान, हुआंगशीकौ आणि गेगोंग लाल टिंबांनी. गावांची नावं देवनागरीत. पुरा झाला की शाळांना त्याच्या प्रती देणार आहे. कुणाला हवी असेल तर कळवा, छपाईचा खर्च मी करीन.